डोंगराळ स्पोर्टिव्हमध्ये क्लबच्या मंडळींसोबत राहावे की आपापल्या चालीने चढावे?

मागचा_गडी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या सायकल क्लबातील आम्ही आठ जण दोन महिन्यांनी एका स्पोर्टिव्हमध्ये, म्हणजे ठरलेल्या मार्गावर वेळ मोजून होणाऱ्या लांब सायकलफेरीत, उतरत आहोत. अंतर 160 किलोमीटर, एकूण चढाई सुमारे 3000 मीटर, मोठे चढ चार आणि कट-ऑफ 10 तासांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या चढाच्या मधे 35 किलोमीटरची सपाट, वाऱ्याची दरी आहे. स्पोर्टिव्ह ही शर्यत नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरीही ठरलेल्या वेळेत न पोहोचणाऱ्याला मागून येणारी गाडी उचलते आणि मला त्या गाडीत बसायचे नाही.

गेल्या वर्षी एका लहान स्पोर्टिव्हमध्ये मी पहिल्या चढावर आमच्यातील सर्वांत वेगवान मित्राच्या मागच्या चाकावर नजर खिळवून चढलो. वीस मिनिटे मोठा पराक्रम वाटला. तिसऱ्या चढावर दोन्ही मांड्यांत एकाच वेळी वांब आले आणि मी रस्त्याच्या कडेला सायकल आडवी टाकून बसलो. माथ्यावर पोहोचलो तेव्हा सगळे वाऱ्यात कुडकुडत उभे होते. ‘‘आत्ताच आलो रे आम्ही,’’ असे एक जण म्हणाला खरा, पण त्याच्या हँडलवरच्या कॉम्प्युटरवर थांबल्याची वेळ 38 मिनिटे दिसत होती. पुढचा उतार कोणीच एका शब्दानेही बोलले नाही.

यंदा क्लबात ‘सगळे एकत्र पोहोचू’ असे ठरते आहे. माझे वजन 72 किलो आहे. सायकल, पाणी, कपडे आणि हत्यारे मिळून आणखी 12 किलो होतात. पॉवर मीटरच्या (पेडलवर लागणारी शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या) नोंदींप्रमाणे दिवसभराच्या चढांवर मी साधारण 150 वॅट टिकवू शकतो. पुढे, पेडलजवळ, 34 दातांची लहान चेनरिंग आणि मागच्या चाकावर 28 दातांचा सर्वांत मोठा स्प्रॉकेट (दातेरी चक्र) आहे. मी सोबत राहण्याचा हट्ट धरावा की पहिल्या चढाच्या पायथ्याशीच मंडळींना ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणून मोकळे व्हावे?

उंचीचा_हिशेब

तुम्ही आकडे दिलेत हे फार बरे झाले, कारण या प्रश्नाचे उत्तर मैत्रीपेक्षा आधी पदार्थविज्ञानात आहे.

84 किलो ओझे 3000 मीटर वर नेण्यासाठी केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे 2470 किलोज्यूल काम करावे लागते. 150 वॅटने ते काम 4 तास 35 मिनिटांचे आहे आणि टायरचे घर्षण, थोडासा हवेचा रोध व चेनमधील तूट धरली की 5 तास 10 मिनिटांच्या आसपास जाते. चढ सरासरी 6 टक्क्यांचे मानले, तर चढाईचे अंतर 50 किलोमीटर होते आणि उतारही तेवढेच. उतारांना सव्वा तास धरा. उरलेले 60 किलोमीटर तुम्ही एकट्याने ताशी 22 च्या वेगाने काढलेत तर पावणेतीन तास लागतील. गटात, दुसऱ्याच्या आडोशाला राहून ताशी 26 ने काढलेत तर 2 तास 20 मिनिटांत होतील. थांब्यांची 40 मिनिटे मिळवली, की गटासोबत साधारण 9 तास 25 मिनिटे आणि एकट्याने 9 तास 50 मिनिटे. म्हणजे दोन्ही प्रकारे तुम्ही वेळेत आहात; फरक एवढाच की दुसऱ्या प्रकारात एका पंक्चरनंतर नाहीत.

या हिशेबात मंडळींचा उपयोग कुठे झाला ते पाहा. तो फक्त सपाटीवर झाला. ताशी 30 च्या वेगाला बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते, म्हणून पुढच्याच्या मागे बसणाऱ्याची ताकद पाव हिश्शाहून अधिक वाचू शकते. ताशी 10 च्या चढावर हवा जवळजवळ गप्प असते आणि तिथे पुढच्या चाकाला चिकटून तुम्हाला काहीच मिळत नाही. उलट त्याची चाल तुमच्या माथी बसते. गेल्या वर्षी तुम्ही जिथे फायदा शून्य तिथे किंमत मोजलीत.

दुसरी बाजूही मोजून टाकू. तुमचा वेगवान मित्र एकूण 80 किलो आणि 210 वॅटचा असेल, तर त्याचे चारही चढ मिळून साडेतीन तासांत होतील. तुमच्यात 100 मिनिटांचे, म्हणजे दर चढामागे सरासरी 25 मिनिटांचे अंतर पडेल. हे अंतर इच्छाशक्तीने मिटत नाही. माझ्या मते प्रत्येकाने आपापल्या चालीने चढावे आणि एकत्र येण्याची जागा फक्त एकच ठेवावी: दुसऱ्या उताराच्या तळाशी, दरी सुरू होण्यापूर्वी.

माथ्यावर_गारठलेला

मी तुमच्या गोष्टीतल्या त्या कुडकुडणाऱ्यांपैकी असतो, म्हणून त्यांच्या बाजूने लिहितो.

थांबावे लागते याचा आम्हाला राग येत नाही. किती थांबायचे हे माहीत नसते, त्याचा येतो. दहा मिनिटे झाली की वाटते आता वळणावर दिसेल. वीस झाली की कोणी तरी पंक्चर झाले असावे म्हणतो. तिसाव्या मिनिटाला एक जण खाली बघून येतो म्हणून निघतो आणि मग दोघांची वाट पाहणे सुरू होते. घामाने भिजलेली जर्सी वाऱ्यात दहा मिनिटांत थंडगार होते, त्यानंतर उतारावर बोटे आखडतात आणि ब्रेकचा अंदाज चुकतो. त्यामुळे वरच्या मित्रांनी सांगितलेल्या ‘उताराच्या तळाशी’ या शब्दांखाली मी दोन रेघा ओढीन. माथ्यावर कोणी थांबायचेच नाही. वर पोहोचताच विंडचीटर चढवायचे आणि खाली उतरायचे.

शिवाय मिनिटे आधीच ठरवा. आमच्यात 15 मिनिटांचा नियम आहे: पहिला पोहोचल्यापासून 15 मिनिटांत जो येईल तो गटात, उशीर झालेल्याने मागून येणाऱ्या गटाला किंवा आपल्या वेगाच्या अनोळखी लोकांना धरायचे. हा नियम आदल्या रात्री, सर्वांसमक्ष आणि सर्वांत हळू चढणाऱ्याच्या तोंडून ठरला पाहिजे. नाही तर तो सोडून दिल्यासारखा वाटतो.

आणि दरीत पुढे लागणाऱ्यांसाठी एक विनंती आहे: ज्याच्यात जोर जास्त आहे त्याने पुढे जास्त वेळ राहावे, जास्त वेगाने जाऊ नये. आपली पाळी आली की वेग चार किलोमीटरने वाढवणारे गडी प्रत्येक क्लबात असतात. त्यांच्यामुळे शेवटच्या चाकावर रबराच्या पट्ट्यासारखा ताण बसतो आणि तो पट्टा तुमच्याजवळच तुटतो. तुम्ही स्वतः पुढे राहण्याची पाळी घेऊ नका आणि त्याबद्दल माफीही मागू नका.

चौतीस_दात

मंडळींसोबत जा किंवा एकटे जा, पण तो 28 चा स्प्रॉकेट आधी बदला. 10 टक्क्यांच्या चढावर 150 वॅटने तुमचा वेग ताशी सव्वासहाच्या आसपास राहील. त्या वेगाला 34/28 वर (पुढे 34, मागे 28 दात) तुमचे पेडल मिनिटाला जेमतेम 41 फेरे घेईल. 34/34 वर तेच 50 होतील. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण 41 च्या चालीत प्रत्येक फेऱ्याला मांडीने वजन उचलल्यासारखा जोर लावावा लागतो आणि तुमचे वांब मला तिथून आलेले दिसतात, निदान निम्मे तरी. तुमचा मागचा डिरेलर (चेन एका स्प्रॉकेटवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तेवढा मोठा स्प्रॉकेट झेलतो का, ते मात्र कारागिराकडून पाहून घ्या. बदललेली कॅसेट (मागच्या स्प्रॉकेटांचा संच) आणि चेन घेऊन दोन-तीन लांब फेऱ्या होऊ द्या. स्पोर्टिव्हच्या आदल्या दिवशी नवे काहीही बसवू नये.

खाण्याचे थोडक्यात: तासाला 60 ते 90 ग्रॅम कर्बोदके आणि तीही पहिल्या अर्ध्या तासापासून. 90 ग्रॅमची सवय पोटाला आधीच्या सरावात लावावी लागते. धाप लागली असताना घास गिळत नाही, म्हणून चढाच्या पायथ्याआधीच खा.

उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी ठामपणे दाबा, सोडा, बाहेरच्या बाजूचे पेडल खाली ठेवून त्यावर वजन टाका आणि नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवा. चढावर गेलेली मिनिटे उतारावर भरून काढण्याचा मोह मागे पडलेल्यालाच सर्वांत जास्त होतो. फ्रेंच आल्प्समधील ला मार्मोट या प्रसिद्ध स्पोर्टिव्हमध्ये ग्लांदों घाटाचा उतार वेळेच्या हिशेबातूनच वगळण्यात आला, तो याच मोहापायी होणारे अपघात टाळण्यासाठी.

मागचा_गडी

सर्वांचे आभार. कॅसेटचे काम याच आठवड्यात करून घेतो. पण 15 मिनिटांचा नियम आणि वरचा हिशेब यांचा मेळ बसत नाही. दर चढाला 25 मिनिटे, म्हणजे दुसऱ्या उताराच्या तळाशी मी 50 मिनिटांनी पोहोचणार. नियम पाळला तर दरीत मी एकटा आणि मोडला तर पुन्हा गेल्या वर्षीचेच. मग ‘एकत्र’ या शब्दाला काय अर्थ उरला?

लवकर_उठणारी

अर्थ उरतो, फक्त सकाळी सगळ्यांनी एकत्र निघण्याचा हट्ट सोडावा लागेल.

अनेक स्पोर्टिव्हमध्ये सुटण्याची एकच वेळ नसते. सकाळी तासभर, कधी त्याहून अधिक, टोळ्या-टोळ्यांनी सोडतात आणि प्रत्येकाला दिलेली वेळ नोंदवणारी चिप सुरुवातीच्या पट्टीवरून गेल्यापासून ज्याची त्याची वेळ मोजते. तुमच्या स्पोर्टिव्हमध्ये तशी सोय असेल, तर तुम्ही आणि तुमच्या चालीचा आणखी एखादा गडी पहिल्या टोळीत निघा आणि वेगवान मंडळींना 50 मिनिटांनी निघू द्या. हिशेबात थोडीफार चूक झाली तरी तुम्ही सगळे दुसऱ्या उताराच्या तळाशी पाच-दहा मिनिटांच्या फरकाने जमाल. दरी एकत्र काढा. पुढचे दोन चढ ते त्यांच्या पायांनी चढतील, तुम्ही तुमच्या. शेवटच्या रेषेवर ते तुमच्याआधी 50 मिनिटे पोहोचतील, पण तिथे कोरडे कपडे आणि बसायला जागा असते. गेल्या मोसमात आम्ही चौघी अशाच निघालो होतो. दरीच्या तोंडाशी मी बाटली भरत असताना मागून घंटी वाजली आणि उशिरा निघालेल्या दोघी पुढ्यात हजर होत्या.

नियमावलीत दोन गोष्टी पाहा. एक, कट-ऑफ प्रत्येकाच्या सुटण्यापासून मोजतात की घड्याळाच्या वेळेवर आहे. घड्याळावर असेल तर लवकर निघण्याने तुमच्या पदरात जादा वेळ पडतो. दोन, मार्गात लहान फेरीकडे वळण्याचा फाटा कुठे आहे. इटलीतल्या माराटोना द्लेस डोलोमाइट्समध्ये 138, 106 आणि 55 किलोमीटरचे तीन मार्ग असतात. तुमच्याकडे तशी सोय असेल, तर त्या फाट्यावर किती वाजेपर्यंत पोहोचलो तरच लांबच्या मार्गाला लागायचे, ती वेळ घरी बसून ठरवा. पाय थकले की डोके फाट्यावर चुकीचे उत्तर देते, कधी भीतीने तर कधी हट्टाने.

मागचा_गडी

नियमावली पाहिली. सुटण्याची मुभा 6 ते 7 अशी तासभर आहे आणि शेवटच्या रेषेवरचा कट-ऑफ सर्वांसाठी संध्याकाळी 5 चा आहे, म्हणजे 6 वाजता निघालो तर माझ्या पदरात पूर्ण 11 तास आहेत. काल क्लबात हा बेत मांडला. गेल्या वर्षी ‘आत्ताच आलो’ म्हणणारा मित्रच म्हणाला की तो माझ्यासोबत 6 ला निघेल, कारण त्यालाही पहिल्या चढावर कोणाच्या तरी मागे धावून कंटाळा आला आहे. बाकीचे सहा जण 6 वाजून 50 मिनिटांनी निघतील. दरीच्या तोंडाशी 15 मिनिटांचा नियम दोन्ही बाजूंना सारखाच लागू राहील, असे मीच सुचवले आणि ते सर्वांनी मान्य केले.