लक्ष्मणराव घडले ते हट्टामुळे की आसऱ्यामुळे?

टिळकवाडीकर:
गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. रंग नीट ओळखता येईनात. रंग सुटले, पण रेखाटनातला हात त्यांनी यंत्रांच्या रेखाटनाला लावला. पुढे मुंबईत मास्तरकी करताना हक्काची बढती डावलली गेली, तशी नोकरी सोडून बेळगावात सायकलीच्या दुकानात आले. तिथून कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. एक वाट बुजली की हातात काय उरलंय ते बघावं, हे मला त्यांच्याकडून घ्यावंसं वाटतं.

आमच्या फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओततात त्या कारखान्यात, एक पोरगा म्हणाला, "साच्याला वाफ जायला अजून एक भोक ठेवूया, माल सच्छिद्र निघतोय." त्याला सांगितलं गेलं, "सांगितलंय तेवढं कर." पुन्हा तो बोलला नाही.

खानापूरची सून:
नाही पटलं दादा. हातात कसब असलेली माणसं आपल्याकडं कमी नाहीत. बेळगावच्या नगरपालिकेनं लक्ष्मणरावांना कारखान्याची जागा सोडायला लावली. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी माळरान दिलं, दहा हजार रुपये कर्जाऊ दिले, म्हणून १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावानं माणूस घालवला, हे आधी मान्य करूया की. तुमच्या पोराला कसब होतंच. त्याला औंध भेटलं नाही.

निपाणीकर:
ताई, नांगर औंधच्या आधीचा. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. शेतकऱ्याला तरी नावं कशी ठेवायची? नवं अवजार फसलं तर त्याचा अख्खा हंगाम जातो. ती दोन वर्षं लक्ष्मणरावांनी कळ काढली, तिथं कुठला राजा होता?

खानापूरची सून:
राजा नव्हता, पण थोरले भाऊ रामूअण्णा होते की! न खपलेला माल घरात असताना "पुरे कर" न म्हणणारं माणूस लागतंच. आमच्याकडं पोरानं वर्षभर काही करून बघायचं म्हटलं तर घरातलेच आधी विचारतात, पगार किती?

टिळकवाडीकर:
रामूअण्णांचं नाव काढलंत आणि गप्प झालो. त्या पोराला उत्तर मिळालं तेव्हा मी शेजारीच उभा होतो, आणि एक शब्द बोललो नाही. सोमवारी त्याला सोबत घेऊन एका साच्याला भोक ठेवून बघतो. फसलंच तर एक ओतीव जाईल, ते परत वितळवता येतं.

निपाणीकर:
बघाच. माल कसा निघाला ते इथं कळवा.