रामसेंचा सामरी : नट की नुसता मुखवटा?

पिटातला_प्रेक्षक (गुहागर)

कमी पैशात हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंचं नाव काढलं की लोक आधी हसतात. हसा, पण हसण्याआधी एक सांगा. ‘पुराना मंदिर’मधला सैतान, सामरी, कोणी केला? मोहनीश बहल आठवतो, जगदीपचा विनोद आठवतो, ज्याच्या भीतीने चित्रपट चालला त्याचं नाव मात्र कुणाला ठाऊक नसतं. त्यांचं नाव अनिरुद्ध अग्रवाल. रुरकीला शिकलेले सिव्हिल इंजिनिअर. १९८४चा ‘पुराना मंदिर’, १९८५चा थ्रीडी ‘सामरी’, १९९०च्या ‘बंद दरवाजा’तला सैतान नेवला, सगळीकडे तेच. पुढे ‘बँडिट क्वीन’मधला डाकू बाबू गुज्जरही त्यांनीच केला.

माझं म्हणणं एवढंच की पैसे नसतात तेव्हा भीतीचा सगळा भार नटाच्या अंगावर येतो. संगणकावर भूत काढायची सोय नव्हती. धूर, लाल-निळे दिवे आणि एक उंच माणूस. तो कसा उभा राहतो, मान किती सावकाश वळवतो, यावर प्रसंग तरणार की बुडणार ते ठरायचं. आमच्याकडे गणपतीत जागरणाला व्हीसीआर भाड्याने यायचा, तेव्हापासून मी हे पाहतोय. अख्खं अंगण गप्प व्हायचं, ते धुराला घाबरून नव्हे.

खाडीपलीकडची

दादा, अंगण गप्प व्हायचं हे खरं. पण त्या अंगणातल्या बायका काय बघत होत्या, तेही लिहा की. ‘पुराना मंदिर’ची गोष्टच अशी की राजघराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरणार. सैतान शाप देतो पुरुषाला आणि भोगतात सुना-लेकी. वर दर चित्रपटात एक आंघोळीचा प्रसंग ठरलेला, कथेला त्याची गरज असो वा नसो. भुताचं निमित्त आणि तिकिटं भलत्याच गोष्टीवर खपायची. ‘कमी पैशात केलं’ म्हणून आपण हे सगळं माफ करायचं का? गरिबी ही अडचण असते, तिला गुण कशाला म्हणायचं?

आणि एक. या चित्रपटांत कोकण कधीच नव्हतं. मुरूडला नवाबाच्या राजवाड्यात ‘पुराना मंदिर’चं शूटिंग झालं, आपण कौतुकाने सांगतो. पण पडद्यावर ते गाव, ती माणसं कुठे आहेत? वाडा तेवढा वापरला.

भरती_ओहोटी (कुडाळ)

माका एक कळत नाय, भुताक बजेट कित्याक व्हया? आमचो दशावतार बघा. देवळासमोरचो मांड, एक पेटारो, पेटी, पखवाज, झांज. नटच आपलो रंग आपण लावतत, बापयेच बायलमाणसाचा काम करतत, संवाद लिवलेलो नाय, रातभर उभ्या उभ्या रचतत. संकासुर काळ्या कपड्यात इलो की पोरां आवशीच्या पदराआड लपतत. हेच्यात खंय धूर आणि खंय लाल दिवो?

रामसेंका शिव्या नाय देणंय. पण ‘कमी पैशात भीती’ हेचो मान द्यायचो तर पयलो आमच्या दशावताऱ्यांका द्या.

चाकरमानी_लालबाग

भरती_ओहोटी, मान्य. पण मुद्दा चित्रपटाचा आहे. २०१८चा ‘तुंबाड’ हा भयपट पाहिल्यावर तुम्हाला सामरी पाहवतो? पाऊस, कुजलेला वाडा, ओल, हाव. मोठ्या हिंदी चित्रपटांच्या मानाने त्यालाही फार पैसा नव्हता, पण दिग्दर्शकाने वर्षानुवर्षं थांबून पावसात शूटिंग केलं. २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. खर्च कमी असणं आणि काम ढिसाळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रामसेंच्या चाहत्यांनी त्यांची गल्लत केली आहे. एका चित्रपटाचा साचा जमला की तोच पुढच्याला. जुनी हवेली, तरुण पोरांची गाडी बंद पडणार, म्हातारा नोकर ‘इधर मत आना’ म्हणणार.

खाडीपलीकडचीचा कोकणाबद्दलचा मुद्दा तर पुढे मालिकांनाही लागू आहे. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६मध्ये सुरू झाली तेव्हा कोकणची बदनामी होते म्हणून आपल्याच लोकांनी ओरड केली होती. आता आकेरीतला मालिकेचा तो वाडा बघायला पर्यटक येतात आणि ओरडणारेच पत्ता सांगतात!

पिटातला_प्रेक्षक (गुहागर)

एकेकाला उत्तर देतो. आधी चाकरमानी. ‘तुंबाड’ मलाही प्रिय आहे, पण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने पडतं. त्यातली ती शापित आजी आठवते ना, खिळा ठोकलेली? तिचं काम मोहम्मद समद या मुलाने केलंय, तोच जो नायक विनायकाचा पोरगा पांडुरंग झालाय. कोवळ्या पोराने जरठ, सडलेल्या बाईचं काम केलं. पावसाचं कौतुक सगळ्यांनी केलं, वाड्याचं केलं, या पोराचं किती जणांनी केलं? मुखवट्याच्या आत कोणी आहे हे आपण विसरतो. रामसेंच्या वेळी विसरलो, आता चांगल्या चित्रपटातही विसरतो.

ढिसाळपणाचं म्हणाल तर थोडं मागे जा. रामसेंचा १९७०चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. पण पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात त्या प्रसंगाला प्रेक्षक पुन्हा पुन्हा येत होते. हे तुलसी आणि श्याम या रामसे भावांनी हेरलं आणि १९७२ला ‘दो गज जमीन के नीचे’ आला. महाबळेश्वरला सगळं कुटुंब बसने नेऊन केलेला चित्रपट. कामं भावांनीच वाटून घेतलेली: कॅमेरा गंगूचा, आवाज किरणचा, लेखन कुमारचं, संकलन अर्जुनचं, निर्मितीची धावपळ केशूची. साचा होता, नाकारत नाही. पण त्या साच्यातही पृथ्वीराज कपूरांपासून अग्रवालांपर्यंत भीती कायम माणसानेच पोचवली. इंग्रज नट ख्रिस्तोफर ली यांनी १९६६च्या ड्रॅक्युलापटात एकही संवाद बोललेला नाही. नुसते डोळे आणि चाल. त्याला जग अभिनय म्हणतं. आपल्या नेवल्याला मात्र ‘मेकअप’.

भरतीओहोटी, तुमचा संकासुर मी दापोली-गुहागरकडे नमनाच्या खेळात पाहिलाय. तो आला की पोरं रडतात आणि म्हातारे हसतात. तिथे कुणी विचारत नाही की ही भीती की विनोद. रामसेंपुढेच हा प्रश्न का?

भरती_ओहोटी (कुडाळ)

संकासुर हसवता तो स्वतःच्या मर्जीन. सामरीक बघून लोक हसतत ते त्येच्या मर्जीविरुद्ध. फरक असा, बाबानू.

चाकरमानी_लालबाग

हे मात्र खणखणीत बोललात.

पिटातला_प्रेक्षक (गुहागर)

खणखणीत आहे, पण अर्धंच. १९८४ला थिएटरात कुणी हसत नव्हतं. आज मोबाइलवर, दिवसाढवळ्या, तुकडे तुकडे पाहणारे हसतात. अंधारात दशावतार आणि दुपारी बसस्टँडवर दशावताराचा व्हिडिओ, दोन्ही सारखे वाटतात का?

खाडीपलीकडची

माझ्या मुद्द्यावर तुम्ही अजून काहीच बोलला नाहीत, दादा. पृथ्वीराज कपूर, अग्रवाल, ली, समद, सगळे पुरुष आणि मुलगे. नटांवर प्रेम म्हणता ना? मग १९८८च्या ‘वीराना’तली जास्मिन घ्या. चेटकिणीने झपाटलेली मुलगी. एका नजरेत गोड, दुसऱ्या नजरेत मारायला निघालेली. तुमच्याच निकषाने, संगणक नाही, पैसा नाही, सगळा भार तिच्या चेहऱ्यावर. तुमच्यासारखे आजन्म चाहते तिच्याबद्दल काय बोलतात? ती किती सुंदर आणि आता कुठे गेली. तिच्या कामाविषयी एक ओळ वाचलेली नाही मी.

पिटातला_प्रेक्षक (गुहागर)

यावर वाद घालत नाही. फक्त ‘वीराना’तला तो गाडीचा प्रसंग पुन्हा बघा. ती शेजारी बसलेली असते आणि माणसाला हळूहळू कळत जातं की आपण कुणाला गाडीत घेतलंय. तिथे ती जवळजवळ काहीच करत नाही, आणि तेच अवघड असतं. आंघोळीच्या प्रसंगांचं समर्थन मी करणार नाही. ते गल्ल्यासाठी होते, सगळ्यांना माहीत होतं.

खाडीपलीकडची

चला, एक ओळ तरी मिळाली. ‘बंद दरवाजा’ बघते अग्रवालांसाठी, तुम्ही एवढं सांगताय तर. पण चाहते मिळून कधी रामसेंचे चित्रपट दाखवणार असाल तर पोस्टरवर जास्मिनचा भिजलेला फोटो नको. तिचा तो गाडीतला चेहरा लावा, आणि खाली अग्रवालांचं नाव सामरीपेक्षा मोठ्या अक्षरात. हे जमत असेल तर मी अलिबागहून पण येईन. नसेल जमत तर कुडाळला दशावतार आहेच.