एक्सएमएलचं पान होतं ते ‘रूपांतर’ की आणखी काही?

दांडियाबाजार
बडोद्यातल्या आमच्या वाचनालयाची सूची आता एक्सएमएलमध्ये (प्रत्येक नोंदीला नावाच्या खुणा लावून मजकूर ठेवायची पद्धत) आहे. त्याच फायलीतून वेबपानं काढायची आणि छापायला पीडीएफही. पुढे काम बघणाऱ्यासाठी टिपण लिहितोय, तर ‘ट्रान्सफॉर्म’ला, म्हणजे एका फायलीतून दुसरी घडवण्याला, मराठी शब्द शोधतानाच अडलो. ‘रूपांतर’ वाचून चिटणीस विचारतात, “म्हणजे मूळ सूची जाणार?” दुधाचं दही झालं की दूध उरत नाही, तसं त्यांना वाटतं. ‘टूल’ला ‘साधन’ लिहावं, तर गुजरातीच्या शेजारानं इथे साधन म्हणजे स्कूटर!

सुरसागरकाठ
रूपांतरच लिहा. नाटकाचं रूपांतर झालं म्हणून मूळ नाटक कुठे जातं? भाषांतर करणारा मुळाचा क्रम सहसा मोडत नाही. रूपांतर करणारा प्रवेश मागेपुढे करतो, एखादं पात्र गाळतो. एक्सएसएलटी, म्हणजे एक्सएमएलचं असं रूपांतर सांगायची भाषा, तेच करतं. लेखकवार सूची विषयवार लावतं, किंमत गाळतं, नोंदींचं फांद्याफांद्यांचं नवीन झाड उभं करतं. मूळ फाइल आहे तशीच राहते. शिवाय गुजरातीतही रूपांतरच म्हणतात.

मोदकपात्र
आणि स्टाइलशीट, म्हणजे रूपांतराचे नियम लिहिलेली फाइल? ‘आकृतिबंध’ कसा वाटतो?

सुरसागरकाठ
नको हो! सरकारी मराठीत आकृतिबंध म्हणजे मंजूर पदांचा तक्ता. ‘साचा’ छान आहे, पण तो टेम्प्लेटसाठी, म्हणजे त्यातल्या एकेका नियमासाठी, राखून ठेवा. एका स्टाइलशीटमध्ये असे पुष्कळ साचे असतात. मी ‘साचेवही’ म्हणेन.

मोदकपात्र
गुजराती वाचणाऱ्याला ‘साचा’ म्हणजे ‘खरे’. खऱ्यांची वही! चालेल, वाचनालयात खोटं काय असणार.

खिळेजुळारी
शब्द होत राहतील, आधी अवजाराचं बघा. एक्सएसएलटी चालवणारं एक्सएसएलटीप्रोक हलकं आणि चटपटीत, पण ते एक्सएसएलटीच्या 1999 च्या 1.0 आवृत्तीवरच थांबलंय. विषयवार गट पाडायला त्यात बरीच कसरत आहे. 2007 च्या 2.0 मध्ये त्यासाठी थेट सोय आली, म्हणून ती चालवणारं सॅक्सन घ्या. त्याची फुकट आवृत्ती तुम्हाला पुरेल.

पीडीएफला दोन वाटा. एक, सूचीचं एक्सएसएल-एफओ (छापील पानाची मांडणी सांगणारं एक्सएमएल) करून ते पीडीएफ बनवणाऱ्या अपाची फॉपला द्यायचं. मात्र फॉप 1.1 किंवा पुढचंच हवं. त्याआधी देवनागरीची जोडाक्षरं फुटायची, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची. दुसरी वाट, सॅक्सननं केलेलं एचटीएमएल (वेबपान) छपाईच्या सीएसएससह (पान कसं दिसावं याचे नियम) वीझीप्रिंटला द्यायचं, ते पीडीएफ करतं. वेबपानं तुम्ही करणारच आहात, तेव्हा मी दुसरी वाट धरेन. कुठलीही धरा, ‘किर्लोस्कर’ आणि ‘विद्यार्थी’ छापून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि पीडीएफ करायच्या या दुसऱ्या टप्प्याला रूपांतर म्हणू नका. तिथे मजकूर बदलत नाही. कुठे पान तुटेल, पानाचा आकडा कुठे बसेल, एवढंच ठरतं. त्याला छापखान्यात शब्द आहेच: पान लावणं.

दांडियाबाजार
‘पान लावणं’ घेतलंच! वाक्य असं केलंय: “सूचीचं सॅक्सननं रूपांतर करायचं, मग वीझीप्रिंटनं पानं लावायची. मूळ फाइल जागेवरच राहते.” साधन, अवजार काहीच लागलं नाही. ‘साचेवही’ला चिटणीस अजून हसताहेत.