गुरुत्वाकर्षण हे मूलभूत बल आहे की दुसऱ्या कशातून उद्भवते?

प्रश्न (माटुंगा)
मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. पाठ्यपुस्तकात गुरुत्वाकर्षणाची गणना चार मूलभूत बलांत केलेली असते. आइन्स्टाइन यांच्या १९१५ च्या सिद्धांतात मात्र गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाशकालाची (अवकाश आणि काळ यांच्या एकत्रित रचनेची) वक्रता ठरते, आणि भौतिकशास्त्रज्ञ एरिक व्हर्लिंडे तर ते एंट्रॉपीतून (सूक्ष्म पातळीवरील अव्यवस्थेच्या मापातून) निर्माण होते असे म्हणतात. यांतले नेमके काय मानावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (मुलुंड)
गुरुत्वाकर्षण एंट्रॉपीतून येते, या विचाराचा उगम कृष्णविवरांत आहे. कृष्णविवराची एंट्रॉपी त्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते, असे भौतिकशास्त्रज्ञ बेकेनस्टाइन यांनी सुचवले आणि १९७४ साली हॉकिंग यांनी कृष्णविवराला तापमान असल्याचे दाखवल्यावर त्या कल्पनेला बळ मिळाले. १९९५ साली भौतिकशास्त्रज्ञ टेड जेकबसन यांनी हाच धागा उलट्या टोकाने धरला. त्वरणाने जाणाऱ्या निरीक्षकाला जाणवणाऱ्या प्रत्येक स्थानिक क्षितिजाला (ज्यापलीकडचे त्याला दिसू शकत नाही अशा सीमेला) क्षेत्रफळाच्या प्रमाणात एंट्रॉपी असते, आणि ते ओलांडून जाणारी उष्णता म्हणजे तापमान गुणिले एंट्रॉपीतील बदल, एवढे गृहीत धरले की आइन्स्टाइन यांची समीकरणे त्यातून निघतात. मला हा युक्तिवाद आजही विलक्षण वाटतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) घडलेले आणि पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रात गेलेले भौतिकशास्त्रज्ञ थानू पद्मनाभन यांनी याच दिशेने दीर्घकाळ काम केले. त्यांचे लेख तुम्ही अवश्य वाचावेत.

उत्तर (विलेपार्ले)
जेकबसन आणि व्हर्लिंडे यांची गल्लत मात्र होऊ देऊ नये. व्हर्लिंडे यांच्या २०१० च्या मांडणीवर न्यूट्रॉनच्या आधारे आक्षेप घेतला गेला आहे. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील प्रयोगात अतिमंद न्यूट्रॉन खालचा आरसा आणि वरचा शोषक यांच्या मधून सोडले होते. फट सुमारे १५ मायक्रोमीटरपेक्षा अरुंद झाली की ते जवळजवळ पार होतच नाहीत, कारण गुरुत्वीय क्षेत्रातही त्यांची ऊर्जा ठरावीक पातळ्यांवरच असते. बल एंट्रॉपीजन्य असेल, तर या पातळ्या इतक्या सुस्पष्ट कशा राहतात, असा तो आक्षेप आहे. त्याला उत्तरेही दिली गेली आहेत, परंतु ती सर्वांना पटलेली नाहीत.

प्रश्नकर्ती
मग उद्भवलेले गुरुत्वाकर्षण खरे नव्हे, असा अर्थ होतो का?

उत्तर (मुलुंड)
मुळीच नाही. तापमानही असंख्य रेणूंच्या हालचालीतून उद्भवते; एकट्या रेणूला ते नसते, तरी चहाने जीभ भाजतेच. खरा प्रश्न गुरुत्वीय क्षेत्र स्वतः क्वांटम आहे का, हा आहे. दोन सूक्ष्म वस्तुमाने केवळ गुरुत्वाकर्षणामुळे एकमेकांशी क्वांटम पातळीवर गुंतलेल्या (एन्टँगल्ड) अवस्थेत जातात का, हे तपासणारे प्रयोग २०१७ साली सुचवले गेले आहेत. ते यशस्वी झाले, तर निव्वळ अभिजात, म्हणजे क्वांटम नसलेल्या, गुरुत्वाकर्षणाची बाजू फार कमकुवत होईल.