शँक३ नसलेले उंदीर आणि माझी लेक

इंदिरानगरची आई: नमस्कार, आम्ही नाशिकचे. लेक ६ वर्षांची, अजून बोलत नाही. मागच्या महिन्यात जेनेटिक रिपोर्ट आला, २२व्या क्रोमोसोमच्या टोकाचा तुकडाच नाहीये आणि त्यात शँक३ जीन गेलाय, फेलन-मॅकडर्मिड सिंड्रोम म्हणे. रात्री मोबाईलवर वाचत बसले तर सगळे उंदरांवरचे प्रयोग, 'सोशल बिहेवियर कमी'. उंदराचं हे मोजतात कसं? आणि माझ्या पोरीशी त्याचा काय संबंध?

उंदीरलॅब: ताई, पीएचडीला हेच काम केलंय म्हणून लिहितो. मेंदूतल्या दोन मज्जापेशी जिथे एकमेकींना निरोप देतात तो सिनॅप्स, आणि निरोप घेणाऱ्या बाजूला शँक३ जीनपासून बनणारं प्रोटीन म्हणजे मांडवाचा खांब समजा, निरोप पकडणारे रिसेप्टर वगैरे त्याच्या आधाराने जागेवर राहतात. टेस्ट साधी असते. तीन खणांचा डबा, एका टोकाला जाळीखाली अनोळखी उंदीर, दुसऱ्या टोकाला तशीच रिकामी जाळी, मग आपला उंदीर कुठे किती वेळ घालवतो ते मोजायचं. एरवी उंदीर लगेच दुसऱ्या उंदराच्या जाळीला नाक लावून हुंगत बसतो. मेंदूवर संशोधन करणाऱ्या ग्वोपिंग फेंग यांच्या टीमने २०११ मध्ये शँक३ बिघडवलेले उंदीर दाखवले, त्यांची ती ओढ कमी होती आणि स्वतःचं अंग इतकं घासायचे की कातडी सोलून जखमा व्हायच्या.

इंदिरानगरची आई: वाचून पोटात गोळा आला हो. ही पण मनगट चावते, वळ उठतात तरी रडत नाही. वय निघून गेलं का आता?

उंदीरलॅब: नाही ताई, तसं नका समजू. २०१६ मध्ये त्याच टीमने मोठ्या उंदरांत जीन परत चालू केला तर एकमेकांत मिसळणं सुधारलं, अंग घासणं कमी झालं. भीती आणि अंगाचा तोल मात्र सुधारला नाही, त्यासाठी लहानपणीच चालू करावा लागला. पण त्या उंदरांत तशी सोय जन्माआधीच केलेली होती, माणसांसाठीचं औषध नाही हे, कुणी विकायला आलं तर पैसे देऊ नका.

थेरपीवाली मावशी: 'सोशल नाही' हे मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडचा एक मुलगा तोंडाकडे बघत नाही पण तासभर माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून बसतो, याला जवळ येणं नाही म्हणायचं तर काय. आणि ती रडत नाही ना, या मुलांना दुखणं कमी जाणवतं, तेव्हा रोज आंघोळीला सगळं अंग बघत जा आणि या सिंड्रोममध्ये किडनीचाही त्रास असू शकतो, म्हणून तिची सोनोग्राफी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.