मदत हवी आहे: शेअरच्या फॉर्म्युल्यानं फ्लॅटची किंमत काढली तर चालेल का? (सांगली)

नमस्कार मंडळी, विश्रामबागेत एक टू बीएचके बघितलाय, ४५ लाख सांगतायत. तसलाच फ्लॅट त्याच बिल्डिंगमध्ये महिना १० हजार भाड्यानं मिळतो, म्हणजे मालकाला घरपट्टी, मेंटेनन्स, रंगरंगोटी जाऊन वर्षाला साधारण लाखभर सुटतात.

आता शेअरला गॉर्डनचं मॉडेल लावतात ना, पुढच्या वर्षीचा डिव्हिडंड (कंपनी शेअरमागे वाटते तो नफा) भागिले (अपेक्षित परतावा वजा वाढ), त्यात मी डिव्हिडंडच्या जागी भाडं घातलं. परतावा ९ टक्के धरला आणि भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढेल म्हटलं तर किंमत येते २५ लाख, ६ टक्के धरलं तर ३३, आणि ७ धरलं की थेट ५० लाख! एका टक्क्यात एवढा फरक पडत असेल तर बिल्डर पण बरोबर आणि मी पण बरोबर, मग ह्या मॉडेलवर निर्णय घ्यायचा तरी कसा. आणि कायमचं ७ टक्के म्हणजे भाडं दर दहा वर्षांनी दुप्पट, सांगलीत एवढं वाढेल असं मला तरी वाटत नाही.

वडील म्हणतात जागेचा भाव कधी पडत नाही. पण मला वाटतं तो पडलेला दिसत नाही एवढंच, कारण शेअरचा भाव रोज स्क्रीनवर येतो आणि फ्लॅटवाला कमी भावात विकण्यापेक्षा कुलूप लावून ठेवतो, व्यवहारच होत नाही. त्यात फ्लॅट महाग वाटला तरी शॉर्ट करायची (हातात नसताना आधी विकून भाव पडल्यावर परत घ्यायची) सोय नाही, म्हणजे चढलेला भाव खाली ओढणारं कोणीच नाही. अर्थतज्ज्ञ फामा म्हणतो उपलब्ध माहिती भावात आलेलीच असते, दुसरा अर्थतज्ज्ञ शिलर, त्यानं १९८१ मध्ये दाखवलं की शेअर डिव्हिडंडच्या मानानं फारच जास्त हलतात, आणि २०१३ चं अर्थशास्त्राचं नोबेल दोघांना एकत्र (सोबत हॅन्सन)! शेअरमध्येच एकमत नाही तर घराचं काय धरायचं.

अजून एक, पुराचं काय करायचं? २००५, २०१९, २०२१ सगळं बघितलंय आपण. गावभागातलं (नदीजवळच्या जुन्या सांगलीतलं) घर बघायचं झालं तर ती जोखीम अपेक्षित परताव्यात वाढवून धरायची की भाड्यातून दरवर्षी थोडी रक्कम वजा करायची? दोन्हीकडे धरली तर डबल होईल ना?

ज्यांनी असा हिशोब करून घर घेतलंय किंवा नाही घेतलंय त्यांनी वाढीचा आकडा कशावरून धरला ते प्लीज सांगा. महागाईचा दर, पगारवाढ की जुने भाडेकरार? टोकन द्यायच्या आधी हे नक्की करायचंय.