'कन्व्हेयन्सिंग सॉलिसिटर'ला मराठीत काय म्हणाल?

थेम्सकाठ
इंग्लंडमध्ये पहिलं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी दोन पानी पत्रक लिहिते आहे. ते वाचणार आहेत पैशाला हातभार लावणारे आईवडील, म्हणजे पुणे, नाशिक, सांगलीकडची माणसं. त्यात 'कन्व्हेयन्सिंग सॉलिसिटर'साठी, म्हणजे घरखरेदीचं कायदेशीर काम बघणाऱ्या माणसासाठी, 'मालमत्ता हस्तांतरण वकील' असं लिहिलं होतं. खर्डा वाचणाऱ्या दोघांनी ते खोडलं. एकाने 'अभिहस्तांतरण विधिज्ञ' सुचवलं, दुसऱ्याने 'खरेदीखताचा वकील'. मला असा शब्द हवा आहे की त्यावरून या माणसाचं काम काय आणि त्याला निवडताना काय बघायचं, याची थोडी तरी कल्पना यावी.

बोरूबहाद्दर
कन्व्हेयन्सला 'अभिहस्तांतरण' हा शासनाने रुळवलेला शब्द आहे. 'मानीव अभिहस्तांतरण' जिल्हा उपनिबंधकाच्या कार्यालयात रोज वापरात असतं. तयार शब्द हाताशी असताना नवा कशाला घडवायचा?

अनुस्वार
नेमक्या त्याच कारणासाठी तो नको. १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅटमालकीच्या, कायद्यापासून महाराष्ट्रात कन्व्हेयन्स म्हणजे बिल्डरने जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देणं. पुण्यातला वाचक 'अभिहस्तांतरण' वाचून म्हणेल, म्हणजे अजून सोसायटीची कटकट बाकी आहे तर! इंग्लंडमध्ये तो शब्द एकट्या गिऱ्हाइकाच्या खरेदीला लावतात. शब्द एकच, व्यवहार निराळे.

थेम्सकाठ
त्यात आणखी एक मेख आहे. लँड रजिस्ट्रीत, म्हणजे तिथल्या मालकीच्या सरकारी नोंदवहीत, नोंद असलेल्या घराचा दस्त 'टीआर १' नावाच्या नमुन्यावर होतो आणि त्याला 'ट्रान्सफर' म्हणतात. काटेकोर बोलायचं तर 'कन्व्हेयन्स' हा दस्त नोंद नसलेल्या जमिनीचा. जुना शब्द फक्त धंद्याच्या नावात टिकला आहे.

घाटपायथा
मुळाकडे बघा. 'कन्व्हे'च्या पोटात लॅटिन 'व्हिया' म्हणजे वाट आहे, 'कॉन्व्हॉय'चंही मूळ तेच. वाटेने सोबत करणं हा पहिला अर्थ. 'पोहोचवणे' हे क्रियापद त्याच्या फार जवळ जातं. आपला 'हस्तांतर' हातावरचा आणि 'दस्त' हाही फारसीत हातच, संस्कृत 'हस्त'चा सख्खा भाऊ. इंग्रजीने वाट धरली, आपण हात धरला.

'सॉलिसिटर' मुंबईकराला समजावून सांगावा लागत नाही. बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा अजून होते. इंग्लंडमध्ये पूर्वी चॅन्सरी न्यायालयात काम चालवणारा तो सॉलिसिटर आणि कॉमन लॉच्या न्यायालयांत ॲटर्नी. १८७३ च्या कायद्याने ही नावं एक केली. तेव्हा 'सॉलिसिटर' तसाच ठेवावा.

दस्तावेजी
ठेवा, पण मग अर्धी माणसं यादीतून गळतील. १९८५ च्या कायद्याने 'लायसन्स्ड कन्व्हेयन्सर' हा वेगळा व्यवसाय उभा राहिला. तो सॉलिसिटर नसतो. त्याच्यावर देखरेख कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सची, सॉलिसिटरवर सॉलिसिटर्स रेग्युलेशन ॲथॉरिटीची. साध्या खरेदीला दोघेही तितकेच चालतात. व्यवहारात कोर्टाचा वाद, घटस्फोट किंवा वारसाहक्क गुंतला असेल तर सॉलिसिटर बरा, कारण ते प्रश्न त्याच कचेरीत सुटू शकतात.

'वकील' या शब्दावर माझा आक्षेप मोठा आहे. तो वाचून माणसं नावाजलेला, कोर्ट गाजवणारा माणूस शोधू लागतात. इथे भांडण नसतंच. कागद तपासणं, नेमके प्रश्न विचारणं आणि तारखा सांभाळणं, एवढंच काम. म्हणून पत्रकात शब्दापेक्षा पुढच्या गोष्टींना जागा द्या.

तो कर्ज देणाऱ्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे तिने मान्य केलेल्या यादीत, आहे का? नसेल तर बँक स्वतःचा निराळा माणूस नेमते आणि तो खर्च बहुधा घेणाऱ्याच्याच माथी येतो. फाइल रोज कोण बघणार, त्याचं नाव आणि थेट फोन काय? तो रजेवर गेला तर कोण? फ्लॅट लीजहोल्ड, म्हणजे लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावरचा, असेल तर लीजचं काम नेहमी करतो का? अंदाजपत्रकात त्याची फी, त्यावरचा व्हॅट आणि बाहेर भरायच्या रकमा वेगळ्या दाखवल्या आहेत का? जाहिरातीतली स्वस्त फी पुष्कळदा लीजहोल्डसाठी, गिफ्टेड डिपॉझिटसाठी (भेट मिळालेल्या रकमेसाठी), पैसे पाठवण्यासाठी निरनिराळी भर घालत वाढते. सॉलिसिटर कचेऱ्यांना घरखरेदीचे दर डिसेंबर २०१८ पासून जाहीर करावेच लागतात, तेव्हा तीन ठिकाणचे ताडून बघता येतात.

आणि एस्टेट एजंटने नाव सुचवलं तर एक प्रश्न विचारायचाच: तुम्हाला यात रेफरल फी मिळते का?

बोरूबहाद्दर
सगळं मान्य, पण आपण शब्दावर बोलत होतो. 'रेफरल फी'ला 'दलाली' म्हणा.

दस्तावेजी
दलाली घराच्या सौद्यावर असते. ही गिऱ्हाईक पाठवल्याबद्दलची. 'दलाली' लिहिलं तर वाचक एजंटचं विक्रीवरचं कमिशन समजेल, आणि ते तर विकणारा देतो.

अनुस्वार
टप्प्यांची नावं मराठीत आधीपासून आहेत. 'एक्स्चेंज ऑफ कॉन्ट्रॅक्ट्स' म्हणजे साठेखत आणि 'कम्प्लिशन' म्हणजे खरेदीखत. साठेखत मूळचं 'साटेखत' असावं असं माझं मत. 'साटेलोटे'तलं साटे म्हणजे अदलाबदल. तिथे दोन्ही बाजू सही केलेल्या करारांची अदलाबदल करतात. शब्द तंतोतंत बसतो.

घाटपायथा
हा योगायोग आहे. आपल्या साठेखतात कागदांची अदलाबदल कुठे होते? दोघेही एकाच दस्तावर सह्या करतात. ध्वनी जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही.

अनुस्वार
साटं कराराचं, कागदांचं नव्हे. वचनाला वचन.

थेम्सकाठ
व्युत्पत्ती काही असो, 'साठेखत' मला उपयोगी आहे, पण एका तळटीपेसह. आपल्याकडे विसार आधी देतात. इंग्लंडमध्ये ऑफर मान्य झाली तरी एक्स्चेंज होईपर्यंत कोणीच बांधील नसतं. विकणारा जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो आणि घेणाऱ्याचा सर्च-सर्व्हेचा खर्च वाया जातो. सहसा दहा टक्के रक्कम एक्स्चेंजला द्यायची. त्यानंतर माघार घेतली तर ती बुडते. म्हणून सर्च, कर्जाचं पत्र आणि विमा हातात आल्याशिवाय चांगला कन्व्हेयन्सर एक्स्चेंज करत नाही. घराचा विमा एक्स्चेंजच्या दिवसापासून लागतो हे बरेच जण विसरतात.

'खरेदीखत'ही पूर्ण बसत नाही. आपल्याकडे दुय्यम निबंधकासमोर दस्त नोंदतात. तिकडे दस्त नव्हे, मालकी नोंदली जाते. किल्ल्या मिळाल्या तरी लँड रजिस्ट्रीत नाव चढेपर्यंत कायदेशीर मालकी यायची असते. कम्प्लिशननंतर चौदा दिवसांत स्टँप ड्यूटीचं विवरण भरायचं, मग नोंदणीचा अर्ज. हे कामही त्याच माणसाचं.

बोरूबहाद्दर
'सर्च'ला तरी 'शोध' लिहा. की तोही इंग्रजीच ठेवणार?

दस्तावेजी
महाराष्ट्रातही वकील 'तीस वर्षांचा सर्च घेतला' असंच म्हणतात. पण दोन्ही सर्च वेगळे आहेत. आपला सर्च इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची सूची, बघून मालकीची साखळी आणि बोजे काढतो. तिकडे मालकी रजिस्टरच्या उताऱ्यातच दिसते. त्यांचे सर्च घराभोवतीचे: कौन्सिलकडून रस्ते आणि बांधकाम परवानग्या, पाणी कंपनीकडून सांडपाण्याच्या वाहिन्या, पूर आणि दूषित जमीन, जुन्या खाणींच्या मुलखात कोळशाची खाण. मागच्या अंगणाखालून सार्वजनिक गटार जात असेल तर त्यावर खोली वाढवायला पाणी कंपनीची संमती लागते. 'शोध' वाचून सांगलीचा वाचक सातबारा आणि फेरफारच डोळ्यांपुढे आणेल.

बोरूबहाद्दर
मग 'परिसरचौकशी' म्हणा. मराठीत अर्थ सांगणारा शब्द करता येत असताना 'सर्च' लिहिणं हा आळस आहे.

मीरा के.
पत्रक आईवडिलांसाठी आहे ना? मग सर्वांत धोक्याचा शब्द 'गिफ्ट लेटर' आहे. खर्ड्यात त्याचं 'बक्षीसपत्र' केलं असेल तर ताबडतोब काढा. महाराष्ट्रात बक्षीसपत्र म्हटलं की घर-जमिनीचा नोंदणीकृत, मुद्रांक लागणारा दस्त. माणसं स्टँपपेपर आणायला धावतील. तिकडे हवं असतं साधं सहीचं पत्र: रक्कम अमुक, भेट म्हणून दिली, परत घेणार नाही, घरात माझा हिस्सा नाही.

त्याला जोडून पैसे आले कुठून याचा पुरावा. मनी लाँडरिंगच्या नियमांमुळे कन्व्हेयन्सरला देणाऱ्याचीही ओळख आणि बँक स्टेटमेंट मागावी लागतात. एफडी मोडली असेल तर तिची पावती, जमीन विकली असेल तर खरेदीखत आणि त्याचा इंग्रजी अनुवाद. भारतातून एलआरएस, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली, एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. आई आणि बाबा दोघांनी पाठवले तर दोघांची कागदपत्रं वेगळी. काही कचेऱ्या परदेशातून आलेली भेट घेतच नाहीत, म्हणून नेमण्याआधी हा प्रश्न पहिला विचारावा.

थेम्सकाठ
'बक्षीसपत्र'च लिहिलं होतं. काढते. 'भेटीचं पत्र' चालेल?

मीरा के.
चालेल. आणि खाते क्रमांक बदलल्याची ईमेल आली तर पैसे पाठवायचे नाहीत. पहिल्या पत्रातल्या फोन नंबरवर फोन करून खात्री करायची. हे ठळक अक्षरात.

घाटपायथा
'कम्प्लिशन'ला मी 'ताबा' म्हणेन. किल्ली हातात येते तो ताबा.

अनुस्वार
ताबा भाडेकरूलाही मिळतो. 'पूर्तता' म्हणा.

दस्तावेजी
काहीही म्हणा, पण शेजारी वेळ लिहा. प्रमाणित करारात दुपारी दोनची मर्यादा असते. शुक्रवारी दोननंतर पैसे पोहोचले तर ते सोमवारी आले असं धरतात, आणि मधल्या दिवसांचं व्याज घेणाऱ्यावर. भारतातले पैसे कन्व्हेयन्सरच्या क्लायंट खात्यात काही दिवस आधी जमा झालेले हवेत.

घाटपायथा
'पूर्तता' कराराची होते, घराची नाही. शब्दकोशांत जुना शब्द बघायला हवा.

बोरूबहाद्दर
आणि 'क्लायंट खातं' म्हणजे 'अशिलाचं खातं'. तो शब्द तरी आपला आहे.

घाटपायथा
'अशील' अरबीवरून आलेला आहे. तो चालतो, तर 'सॉलिसिटर'ने काय बिघडवलं?